पाय धुण्याचे पाणी आणि आपली पालक-पाल्य शिबिरे

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक झाली. विषय होता मे महिन्यातले दहा दिवसांचे बाल धम्म शिबिर. शेवटचा शनिवार-रविवार पालक-पाल्य शिबिरासाठी ठेवायचा, म्हणजे मुलांसोबत पालकांनीही विहारात मुक्कामाला यायचे, यावर सर्वांचे एकमत झाले. त्या दोन दिवसांत करायचे काय, यावर मात्र रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला.

एका तरुण कार्यकर्त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा शाळेचे मैदान. आईवडील खुर्च्यांवर ओळीने बसलेले. मुले खाली बसून परातीत त्यांचे पाय धूत आहेत, हळदकुंकू लावत आहेत. मागे करुण संगीत. निवेदक माईकवरून आईने नऊ महिने काय काय सोसले ते सांगतो आहे. आई रडते, मूल रडते, शेवटी निवेदकही रडतो. कार्यकर्ता म्हणाला, "ताई, आपण हेच घेऊ. हळदकुंकू काढून टाकू, फुले ठेवू. लोकांना भावेल. पुढच्या वर्षी विहारात बसायला जागा पुरणार नाही."

मी विरोध केला. चौघांनी पाठिंबा दिला, सहा जण गप्प राहिले. या वर्षी पाद्यपूजन झाले नाही, पण ठराव असा झाला की पुढच्या वर्षी पुन्हा विचार करू. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही, वर्षभर पुढे ढकलला आहे. आणि तो फक्त आमच्या विहाराचा प्रश्न नाही. मुंबईपासून नागपूरपर्यंत उन्हाळ्यात आपली शिबिरे होतात, आणि ज्यांना आपण सांस्कृतिक गुलामगिरी म्हणतो तिचेच कार्यक्रम हळदकुंकू वगळून आपल्या विहारात शिरत आहेत. बैठकीत मला जे नीट मांडता आले नाही, ते इथे मांडते.

राहुलाने ठेवलेले पाणी

बाप आणि मुलगा यांच्यातल्या संवादाचे एक फार जुने उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. मज्झिम निकायात अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्त आहे. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात भिक्खू आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत अशा ज्या धम्मग्रंथांची नावे कोरली, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला हा उपदेश आहे.

प्रसंग साधा आहे. बुद्ध राहुलाकडे जातात. राहुल त्यांना येताना पाहून आसन मांडतो आणि पाय धुवायला पाणी ठेवतो. बुद्ध आसनावर बसतात आणि आपले पाय आपणच धुतात. भांड्यात थोडे पाणी उरते. ते दाखवून ते मुलाला विचारतात, हे उरलेले थोडेसे पाणी दिसते का? जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याच्यात श्रमणपण एवढेच थोडे उरलेले असते. मग ते पाणी फेकतात, भांडे पालथे करतात, पुन्हा उलथे करून रिकामे भांडे दाखवतात. शेवटी आरशाचे उदाहरण देतात. कोणतीही कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर स्वतःला तपासावे, हा त्या उपदेशाचा गाभा.

पाणी होते, पाय होते, बाप होता, मुलगा होता. पाद्यपूजनाला लागणारे सगळे साहित्य हजर होते. तरी बुद्धांनी मुलाकडून पाय धुऊन घेतले नाहीत. त्या पाण्याचा उपयोग त्यांनी मुलाला विचार करायला शिकवण्यासाठी केला. परातीला फुले लावून हाच कार्यक्रम "बौद्ध पद्धतीने" घेऊ म्हणणाऱ्यांनी आधी हे सुत्त वाचावे.

दुसरे उदाहरण सिगालोवाद सुत्ताचे. सिगाल नावाचा तरुण ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करत असतो. का करतोस असे विचारल्यावर सांगतो, वडिलांनी मरताना सांगितले होते म्हणून. बुद्ध त्याला सांगतात की खऱ्या सहा दिशा म्हणजे सहा नाती. पूर्व दिशा म्हणजे आईवडील. मग मुलांची पाच कर्तव्ये येतात, आणि लगेच आईवडिलांचीही पाच कर्तव्ये येतात: मुलांना वाईटापासून परावृत्त करणे, चांगल्याकडे वळवणे, एखादे शिल्प म्हणजे पोटापाण्याची विद्या शिकवणे, अनुरूप जोडीदार पाहणे आणि योग्य वेळी वारसा सोपवणे. पाचाला पाच. नाते दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. बापाच्या शब्दाखातर चाललेला नमस्कार थांबवून बुद्धांनी तिथे कर्तव्य ठेवले.

पाद्यपूजनात यातले काय उरते? मुलाने वाकायचे, पालकाने खुर्चीवर बसून राहायचे. मुलाने कृतज्ञ व्हायचे, पालकाने कशाचेच उत्तर द्यायचे नाही. पाया पडण्याचा, पायाचे तीर्थ घेण्याचा, पायापासून जन्मल्याचा जो इतिहास आपल्या माथी मारला गेला, तो माहीत असलेल्या माणसाला पायाभोवती रचलेला कोणताही सोहळा निरागस वाटता कामा नये. पायरीच्या समाजाची पहिली शिकवणी घरातच होते. घरात प्रश्न न विचारता वाकायला शिकलेले मूल बाहेर कुणापुढे ताठ उभे राहील, ही अपेक्षा कुठून आणायची?

कुणी म्हणेल, आईवडिलांविषयी कृतज्ञता नको का? हवी. आमच्या शिबिरात ती होतीच. पण कृतज्ञता वाटायला आधी माहिती हवी. आपल्या आईने काय केले, हे निवेदकाने सगळ्या आयांना मिळून एकच भाषण करून सांगायचे, की त्या आईने स्वतः आपल्या मुलीला सांगायचे? माझा सगळा वाद या एका प्रश्नाभोवती आहे.

हा शनिवार-रविवार कुणाचा?

आमच्या शिबिरात ४६ मुले होती. शनिवारी रात्री मुक्कामाला पालक आले १७. त्यात १३ बाया आणि चार पुरुष. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "आपल्या लोकांना मुलांची पर्वाच नाही." हे वाक्य मी इतक्या विहारांत, इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचे उत्तर द्यायलाच हवे.

न आलेल्यांची यादी घेऊन मी घरोघर गेले. १२ तासांच्या पाळीवर असलेले सुरक्षा रक्षक होते, त्यांना रविवारी बदली मिळाली नाही. साफसफाईच्या ठेक्यावरचे कामगार होते, खाडा झाला की रोजी जाते आणि दोन खाडे झाले की नावही जाते. घरकाम करणाऱ्या बाया होत्या. मालकीण शनिवार-रविवारी घरी असते, पाहुणे येतात, भांडी दुप्पट पडतात, म्हणून नेमक्या त्याच दोन दिवशी सुट्टी मिळत नाही. दुसऱ्यांचा विकेंड साजरा व्हावा म्हणून आपल्या आयाबाया शनिवार-रविवारी राबतात, आणि आपण त्यांना विचारतो, तुम्ही पालक-पाल्य शिबिराला का आला नाहीत?

हा रविवार आपल्याला कुणी दान दिलेला नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. जोतीरावांच्या सहकाऱ्याने मिळवलेला तो दिवस आहे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. त्याच काळात कारखाना कायद्यात १९४५ साली पगारी सुट्टीची आणि १९४६ साली आठवड्याला ५४ ऐवजी ४८ तासांची दुरुस्ती झाली. कामगाराला मूल असते, घर असते, वाचायला आणि झोपायला वेळ लागतो, हे कायद्याला मान्य करायला लावावे लागले. आणि आज? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची कामाची मर्यादा नऊवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाचा मोबदला मिळेल, असे सांगितले जाते. ज्यांनी ठेकेदाराकडे काम केले आहे, त्यांना कागदावरचा मोबदला आणि हातातला मोबदला यांतला फरक मी सांगायला नको.

तेव्हा आपल्या शिबिराच्या पत्रकावर "पालकांची उपस्थिती अनिवार्य" असे छापण्यापूर्वी आपण हे समजून घेऊ. पालक आणि मूल यांनी सोबत घालवलेले दोन दिवस ही प्रेमाची बाब आहेच, पण त्याआधी ती सुट्टीची आणि मजुरीची बाब आहे. ज्याच्याकडे सुट्टी नाही, त्याच्या प्रेमावर शंका घेणे हा ब्राह्मणी नीतिशास्त्राचा जुना उद्योग आहे. आपण तो करू नये.

मात्र न येणाऱ्यांचा दुसराही एक गट आहे, आणि त्याला ही सवलत नाही. आपल्याच समाजातले अधिकारी, प्राध्यापक, बँकेतले, आयटीतले लोक. शनिवार-रविवार दोन्ही दिवस त्यांना सुट्टी असते. चौदा एप्रिलला त्यांच्या गाडीवर निळा झेंडा असतो. त्यांचा निरोप आला, "जय भीम ताई, या वेळी जमणार नाही, मुलांचा कॅम्प आहे." तो कॅम्प मुळशीकडच्या एका रिसॉर्टवर होता, तिथेही शेवटचे दोन दिवस पालक-पाल्य विकेंड होता, आणि तिथे हे दोघेही नवराबायको गेले होते. फोटो मी पाहिले. झिपलाईन, तंबू, शेकोटी. मला त्याचा राग नाही. आपल्या मुलांनी तंबूत झोपावे, पोहायला शिकावे, घोड्यावर बसावे. पण त्या शेकोटीभोवती त्यांच्या मुलाने आपले पूर्ण नाव सांगितले का? आजोबा काय काम करत होते हे त्याला माहीत आहे का? त्या फोटोंतल्या एका मुलाला मी ओळखते. तो आठवीत आहे आणि आपले आजोबा "शेतकरी होते" एवढेच त्याला माहीत आहे. आजोबा गावकीची येसकरकी करत होते, आणि त्यांनी ती सोडली म्हणून गावाने त्यांचे दळणकांडण बंद केले होते. एवढी मोठी गोष्ट घरात असताना त्या पोराला शौर्याच्या कथा परक्यांकडून ऐकाव्या लागतात.

१९०१ ची उन्हाळी सुट्टी

"मुलांना आत्तापासून जात कशाला शिकवायची? त्यांचे बालपण तरी निखळ राहू द्या." हे वाक्य मी वर सांगितलेल्या दुसऱ्या गटाकडून ऐकते, आणि आता वस्तीतही ऐकू येऊ लागले आहे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सांगितलेली पहिली आठवण उन्हाळ्याच्या सुट्टीचीच आहे. पालक-पाल्य भेटीचीच आहे. साल साधारण १९०१. आई वारलेली. मुले साताऱ्यात आत्याकडे. वडील रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार. उन्हाळ्याची सुट्टी वडिलांकडे घालवायची असे ठरले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे, असा सगळा थाट करून मुले आगगाडीने मसूरला उतरली. न्यायला कुणी आले नाही. कळवलेले पत्र नोकराच्या हाती पोहोचले होते, पण तो ते रामजींना द्यायला विसरला होता. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून चौकशीला आलेल्या स्टेशनमास्तरला छोट्या भीमाने आपण महार आहोत असे सांगितले आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवाल्याने पायी चालायचे. सोबत जेवण होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. रात्र जकात नाक्यापाशी उपाशीपोटी गेली. दुसऱ्या दिवशी ती वडिलांकडे पोहोचली.

बाबासाहेब लिहितात की आपण अस्पृश्य आहोत हे त्यांना त्याआधीही ठाऊक होते. शाळेत वेगळे बसावे लागे, पाण्याला हात लावता येत नसे. पण तोवर ते सगळे चालत आले आहे म्हणून चालत होते. त्यावर विचार करायला लावले ते या प्रवासाने.

नवे जोडे आणि जरीची टोपी घातल्याने बालपण निखळ राहिले नाही, आणि आज महागडा शाळेचा गणवेश घातल्यानेही राहत नाही. आपल्या मुलांना जात कळतेच. वर्गात "तुम्हाला काय, तुमची सीट पक्की" असे ऐकल्यावर कळते. वाढदिवसाला बोलावणे न आल्यावर कळते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना सगळ्यांसमोर नाव पुकारले जाते तेव्हा कळते. पालकाने सांगितले नाही तरी जात गुप्त राहत नाही. ती फक्त शत्रूच्या तोंडून, शत्रूच्या शब्दांत कळते. मुलाला ती पहिल्यांदा स्टेशनमास्तरकडून कळावी की आईकडून, इतकाच पर्याय आपल्या हातात आहे.

त्या गोष्टीतले आणखी एक मला सतत आठवते. बाप आणि मुले यांच्या मध्ये तीन गोष्टी उभ्या होत्या. बापाची दूरची नोकरी, जात, आणि हाती न पडलेले पत्र. पहिल्या दोन गोष्टींविरुद्ध आपण मोर्चे काढतो, आणि ते काढलेच पाहिजेत. तिसरी मात्र आपल्या घरातली आहे. पालकांनी मुलांना जे सांगायचे असते ते घराघरांत कुठेतरी पडून राहिलेले आहे.

शनिवारची रात्र

आम्ही काय केले ते सांगते. संबंधितांना विचारून लिहिते आहे, नावे देत नाही.

जेवणानंतर माईक बंद केला, मोबाईल एका पेटीत ठेवले. प्रत्येक पालक आपल्या मुलासोबत सतरंजीवर समोरासमोर बसला. ज्यांचे कुणी आले नव्हते, त्या मुलांना आम्ही कार्यकर्ते आणि वस्तीतल्या तीन आज्या वाटून घेतल्या. सूचना एकच होती. तुम्ही या मुलाएवढे असताना तुमचा दिवस कसा जायचा ते सांगा, आणि आजवर त्याला न सांगितलेली एक गोष्ट सांगा. मुलाने हवे ते विचारायचे. टाळ्या नाहीत, मनोगत नाही, निष्कर्ष नाही.

सातवीतल्या एका मुलाने पहिल्या दिवशी ओळख करून देताना वडील "महापालिकेत सुपरवायझर" असल्याचे सांगितले होते. वडील रात्री साडेनऊला आले, आंघोळ करून, अंगाला साबणाचा वास. ते ठेकेदाराकडे ड्रेनेजच्या कामावर आहेत. त्यांनी मुलाला सांगितले, "तुझ्याएवढा असताना मी उसाच्या फडावर होतो. शाळेत नाव होतं, मी नव्हतो." मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मी सुपरवायझर नाही. मी चेंबरमध्ये उतरतो."

मुलाने विचारले, "मग खोटं का सांगितलंत?"

"तुला वर्गात कुणी चिडवू नये म्हणून."

"पण चिडवतातच की."

मी शेजारच्या सतरंजीवर दुसऱ्या मुलीसोबत बसले होते. ऐकू आले. बापलेक त्यानंतर कितीतरी वेळ बोलत होते. चेंबरमध्ये उतरताना अंगात काय घालता, भीती वाटते का, कोण खाली उतरते आणि कोण वर थांबते, असे मुलगा एकेक विचारत होता. बूट-हातमोज्यांचा प्रश्न त्यानेच काढला. मास्क नाही, पट्टा नाही, वर्षातून एकदा हातमोजे मिळतात, असे उत्तर आले. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा आहे, हे रविवारी सकाळी आम्ही गटात वाचले. दुपारी त्यांच्यासह सात कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्याचा मजकूर त्या मुलाने स्वच्छ अक्षरात लिहून काढला.

एका आईने मुलीला सांगितले की ज्या घरात ती काम करते, तिथे तिचा कप वेगळा असतो, खिडकीत उपडा ठेवलेला. मुलीने विचारले, मग तू काय केलेस? आई म्हणाली, "तिथला चहा बंद केला. डोकं दुखतं दुपारी, पण नाही घेत." त्या मुलीला आईची डोकेदुखी रोज दिसत होती, कारण त्या रात्री कळले.

राहुलाला बापाने दिलेला पहिला धडा होता, जाणूनबुजून खोटे बोलू नकोस. आपण आपल्या मुलांना पहिला धडा कोणता देतो? आडनाव सांगू नकोस, गल्ली सांगू नकोस, बाबांचे काम सांगू नकोस. भाड्याचे घर मिळवताना, नोकरी टिकवताना हे खोटे आपल्याला बोलावे लागते. तो गुन्हा जातिव्यवस्थेचा आहे, आपला नाही. पण तेच खोटे उंबऱ्याच्या आत आणून मुलाशीही बोलायचे, ही सक्ती कुणी केलेली नाही. त्या खोट्यातून मूल एकच गोष्ट शिकते. आपले घर लाज वाटण्यासारखे आहे. मग चळवळीच्या कितीही घोषणा त्याला पाठ करवून घ्या.

आपल्याही चुका

दुसऱ्यांवर टीका केली, आता आपल्या शिबिरांकडे पाहू. आपली बाल शिबिरे बहुतेक वेळा पाठांतर आणि भाषणे यांत संपतात. त्रिशरण, पंचशील, बावीस प्रतिज्ञा मुलांना मुखोद्गत असतात. असाव्यात. पण "मी असत्य बोलणार नाही" म्हणताना आपल्या घरातले असत्य कोणते, हा प्रश्न आपण त्यांना विचारू देत नाही. पालकांसाठी सत्र ठेवले की व्यासपीठावर पाच वक्ते, सत्कार, शाल, हार आणि खाली पेंगणारे पालक. पालकांना आपण श्रोते समजतो. खरे तर त्या दोन दिवसांचे मुख्य वक्ते तेच असतात, आणि त्यांचा श्रोता एकच असतो.

आणखी एक. आमच्या शिबिरातल्या १३ बायांपैकी सात जणी शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात होत्या. मुलासोबत दोन दिवस घालवायला म्हणून आलेली बाई साठ माणसांच्या पोळ्या लाटत होती, आणि चार पुरुष बाहेर समतेवर बोलत होते. त्यांना आम्ही रात्री उठवून परातीपाशी बसवले. कणीक सैल झाली, पोळ्या वेड्यावाकड्या झाल्या, पोरांनी पोट धरून हसत खाल्ल्या. पण हे आधीच ठरवायला हवे होते, आणि ती चूक माझी.

रविवारी सकाळी लोकलने मळवलीला उतरून मुलांना कार्ल्याच्या लेणीवर नेले. त्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव कोरलेले आहे, एका सुगंधी वस्तू विकणाऱ्याचे नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी संघाला दान देताना माणसांनी आपले काम नावासोबत कोरून घेतले. बापाचे काम लपवणाऱ्या मुलांना ही जागा दाखवण्यासाठी मला लांबलचक भाषण करावे लागले नाही.

पुढच्या वर्षीच्या ठरावासाठी

पुढच्या बैठकीत मी हे मुद्दे मांडणार आहे. तुमच्या विहारातही मांडा.

पहिला, ज्या पालकांची रोजी बुडते त्यांना दोन दिवसांची भरपाई शिबिराच्या खर्चातून द्यायची. आमच्या वस्तीत जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेचे बिल ६० हजार झाले. तीस पालकांना रोज सहाशे रुपयांप्रमाणे दोन दिवसांचे ३६ हजार होतात. पैसा नाही असे कुणी म्हणू नये.

दुसरा, "आई-बाबा दोघेही" ही अट काढून टाकायची. मुलाला वाढवतो तो पालक. छोट्या भीमाला आत्याने वाढवले. आजी, मावशी, मोठी बहीण, शेजारीण, जी कुणी असेल तिने यावे. कुणी नसेल त्या मुलासोबत कार्यकर्त्याने बसावे.

तिसरा, स्वयंपाक पुरुषांनी करायचा. आधीच्या शनिवारी पोळ्या लाटायचा सराव करून यायचे.

चौथा, आपल्यातल्या नोकरदार, अधिकारी कुटुंबांनी मुलांसह याच विहारात, याच सतरंजीवर मुक्काम करायचा. त्यांची देणगी नको असे नाही, पण देणगीच्या पाकिटाने हजेरी लागणार नाही. त्यांच्या मुलांना वस्तीची गरज आहे, हे त्यांनी ओळखावे.

पाचवा, पाद्यपूजन कोणत्याही स्वरूपात नाही. फुलांचे नाही, निळ्या परातीतले नाही, बौद्ध पद्धतीचे नाही.

ज्याने तो व्हिडिओ दाखवला, तो कार्यकर्ता माझा मित्र आहे आणि हा लेख तो वाचणारच आहे. त्याला मी एवढेच विचारते. आठ वर्षे तू चळवळीत आहेस. तुझे वडील नामांतराच्या लढ्यात तुरुंगात होते, हे तू मला मागच्या महिन्यात सांगितलेस, आणि तुला ते काकांकडून कळले होते. वडील अजून आहेत. पुढच्या शिबिराची वाट पाहू नकोस. या रविवारी त्यांना सुट्टी आहे का ते विचार, आणि त्यांच्या समोर जाऊन बस.

जय भीम!